दवाखान्यात बाळंत होऊनही बायका का दगावतात?

जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीवर नव्याने आलेल्या एका सदस्यबाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यातील बहुतेक सगळी बाळंतपणे आता दवाखान्यात होतात, रुग्णवाहिका दारात येते, योजनांचे पैसे मिळतात, तरीही त्यांच्या तालुक्यात दरवर्षी दोन-तीन बायका बाळंतपणात दगावतात आणि अहवालात प्रत्येक वेळी ‘नातेवाइकांनी आणण्यास उशीर केला’ असेच कारण लिहून येते. हे कितपत खरे मानावे, आणि समितीच्या बैठकीत नेमके काय विचारावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून सरकारी रुग्णालयांत काम करताना आणि माता मृत्यू अन्वेषण समितीत बसून फायली वाचताना जे दिसत आले, त्याच्या आधारे उत्तर देतो.

आधी आकड्यांविषयी, कारण बैठकीत पहिली चर्चा त्यांचीच होते. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा गर्भपातात, तसेच त्यानंतरच्या ४२ दिवसांत, गरोदरपणाशी किंवा त्यावरील उपचारांशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू हा माता मृत्यू समजला जातो. अपघातासारखी असंबद्ध कारणे त्यात धरत नाहीत. दर एक लाख जिवंत जन्मांमागे असे किती मृत्यू झाले, ते म्हणजे माता मृत्यू प्रमाण. नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारतात हे प्रमाण २००१-०३ मध्ये ३०१ होते, ते २०१९-२१ मध्ये ९३ वर आले. महाराष्ट्रात ते २००४-०६ मध्ये १३० होते, २०१८-२० मध्ये ३३ पर्यंत उतरले आणि २०१९-२१ मध्ये ३८ झाले. शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३० पर्यंत जगाने ७० च्या खाली यावे असे ठरले आहे, म्हणजे आपले राज्य ती रेषा केव्हाच ओलांडून पुढे गेले आहे. ३३ चे ३८ झाले म्हणून घाबरण्याचे किंवा कोणाला धारेवर धरण्याचेही कारण नाही. हे आकडे नमुन्यावरून काढलेले असतात, माता मृत्यू ही संख्येने विरळ घटना आहे, आणि एवढा फरक नमुन्यातील चढउतारानेही पडू शकतो. करोनाची साथ त्याच काळात होती, हेही विसरू नये.

तालुक्याच्या पातळीवर मात्र हे प्रमाण काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाला पाच हजार बाळंतपणे होणाऱ्या तालुक्यात एका वर्षी एक मृत्यू झाला तर प्रमाण २० येते, पुढच्या वर्षी तीन झाले तर ६०, आणि मग कोणीतरी ‘तिप्पट वाढ’ अशी बातमी देतो. दोन-तीन मृत्यूंची सरासरी काढण्यात अर्थ नसतो. त्या दोन-तीन फायली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्यात असतो, आणि आपल्या समितीला ते सहज शक्य आहे.

फाईल वाचताना घड्याळ समोर ठेवावे. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मांडलेली तीन विलंबांची चौकट आजही सगळीकडे वापरली जाते: दवाखान्यात जायचे ठरवण्यात लागलेला वेळ, पोहोचण्यात लागलेला वेळ, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार सुरू होईपर्यंत गेलेला वेळ. गंमत अशी की अहवालात सर्वांत ठळक लिहिला जातो तो पहिला विलंब, कारण त्याचे उत्तर देणारा माणूस त्या खोलीत बसलेला नसतो. मेळघाटात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात किंवा भामरागडच्या पुरात पहिला आणि दुसरा विलंब आजही जीवघेणा आहे, हे मान्य. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे संस्थेत झालेली दिसतात. ज्या तालुक्यात कळा सुरू झाल्यावर घरचे लोक बाईला घेऊन थेट दवाखाना गाठतात, तिथे ‘नातेवाइकांचा उशीर’ हे कारण दरवेळी खरे कसे असेल?

अशा फायलीत वेळांची नोंद एकापाठोपाठ लावली की बहुधा पुढील चित्र उभे राहते. बाई पहाटे प्राथमिक आरोग्य केंद्रात आली, सकाळी बाळंत झाली, वारही पडली. तासाभराने परिचारिकेने ‘रक्तस्राव थोडा जास्त’ असे लिहिले. नाडी आणि रक्तदाबाची त्यानंतरची नोंद थेट दीड तासाने आहे, आणि त्यात नाडी १२० च्या पुढे गेलेली आहे. रुग्णवाहिका बोलावली, बाई ग्रामीण रुग्णालयात पोहोचली, तिथे भूलतज्ज्ञ नव्हता आणि रक्त नव्हते, म्हणून चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवले. जिल्ह्याहून मेडिकल कॉलेजला. शेवटच्या ठिकाणी ती पोहोचली तेव्हा अंगातले रक्त गोठण्याची क्षमताच संपलेली होती. मृत्यूची नोंद मेडिकल कॉलेजच्या नावावर पडली. या साखळीत नातेवाईक कुठेही थांबलेले नाहीत. त्यांना पुढे पुढे पाठवले गेले आहे. प्रत्येक ठिकाणी बाईला कोणीतरी तपासले, पण उपचार मात्र पुढच्या दवाखान्यावर सोपवला.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्याकडे माता मृत्यूचे अग्रगण्य कारण आहे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतांश मृत्यू टाळता येतात ते इथेच. वार सुटून आल्यावर गर्भाशयाची पिशवी आकसून घट्ट झाली पाहिजे. ती सैल राहिली तर वारेच्या जागेच्या उघड्या रक्तवाहिन्यांतून दर मिनिटाला शेकडो मिलिलिटर रक्त जाऊ शकते. योनीमार्गे झालेल्या बाळंतपणात ५०० मिलिलिटरच्या पुढे रक्त गेले की त्याला अतिरक्तस्राव म्हणण्याची पद्धत आहे. पण ५०० मिलिलिटर झाले हे कळणार कसे? टेबलावरच्या चादरीत, जमिनीवर, बादलीत, कापसाच्या बोळ्यांत पसरलेले रक्त पाहून नजरेने अंदाज केला जातो, आणि हा अंदाज जवळजवळ नेहमी कमी येतो. स्राव जितका जास्त, तितकी चूक मोठी. अनुभवी परिचारिका आणि अनुभवी डॉक्टर दोघेही यात फसतात. शिवाय हट्टीकट्टी पहिलटकरीण बरेच रक्त गेले तरी बोलत राहते, रक्तदाब धरून ठेवते, आणि मग अचानक कोसळते. आठ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या बाईला तेवढी सवलतही मिळत नाही.

यावरचा उपाय फार साधा आहे. बाळ बाहेर आल्यावर बाईच्या कमरेखाली प्लास्टिकची एक पिशवी सरकवायची. तिच्या खालच्या निमुळत्या भागावर मिलिलिटरच्या रेघा असतात आणि त्यात साठणारे रक्त डोळ्यांना दिसते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ या अभ्यासात (निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले) अशी मापाची पिशवी वापरून, ठरलेल्या रेघेला रक्त पोहोचताच गर्भाशयाला मालिश, गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवून स्राव थांबवणारे ट्रानेक्झामिक ॲसिड, शिरेतून सलाईन आणि जखमांची तपासणी हे सगळे एकापाठोपाठ न करता एकदमच सुरू करायचे, अशी पद्धत बसवण्यात आली. गंभीर रक्तस्राव, रक्तस्रावासाठी पोट उघडावे लागणे आणि रक्तस्रावाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण त्यामुळे ६० टक्क्यांनी उतरले. यातले एकही औषध नवे नव्हते. मोजमाप वेळेवर झाले आणि हात एकदम चालले, एवढाच फरक. म्हणून समितीच्या सदस्यांनी प्रसूतिगृहाला भेट द्यावी तेव्हा रंगरंगोटी आणि भिंतीवरचे फलक पाहण्यापेक्षा ही पिशवी आहे का, ती कपाटात बंद आहे की टेबलाजवळ, एवढे विचारावे.

दुसरी गोष्ट फ्रिजची. बाळ जन्मल्याबरोबर मिनिटभरात १० युनिट ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देणे हा रक्तस्राव टाळण्याचा मुख्य मार्ग आहे, आणि हे औषध २ ते ८ अंश तापमानात राहिले तरच त्याची ताकद टिकते. लसींचा फ्रिज सगळीकडे काटेकोरपणे सांभाळला जातो, तापमानाची वही दोन वेळा भरली जाते. ऑक्सिटोसिन मात्र विदर्भातल्या मे महिन्यात ट्रॉलीवरच्या ट्रेमध्ये दिवस दिवस पडून असलेले मी पाहिले आहे. इंजेक्शन दिल्याची नोंद कागदावर असते, गर्भाशयाची पिशवी मात्र आकसत नाही. जिथे थंड साठवण शक्य नाही, तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या कामी येतात. त्याचा एक महत्त्वाचा पुरावा बेळगाव जिल्ह्यातून आला आहे: २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात सहायक परिचारिका-प्रसाविकांनी घरी आणि उपकेंद्रात बाळंतपणे करताना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने दिले, आणि अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. ट्रानेक्झामिक ॲसिड तर स्वस्त आहे, साठवायला सोपे आहे, आणि २०१७ च्या ‘वूमन’ चाचणीत वीस हजारांहून अधिक बायकांवर तपासलेले आहे. बाळ जन्मल्यापासून तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक-तृतीयांशाने कमी होतात. पुढच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत हे तीन तास बहुधा उलटलेले असतात. हे औषध पहिल्याच ठिकाणी दिले गेले पाहिजे, आणि संदर्भ चिठ्ठीवर ‘किती वाजता दिले’ ते लिहिलेले असले पाहिजे.

रक्ताचा प्रश्न याहून अवघड आहे. रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी असते आणि तालुक्याला फार तर रक्त साठवण केंद्र. तेही पुष्कळदा तंत्रज्ञाअभावी दुपारनंतर बंद. ‘ओ निगेटिव्ह’ सोडा, साध्या ‘बी पॉझिटिव्ह’च्या दोन पिशव्या रात्री अकरा वाजता मिळतील का, हे आपल्या तालुक्यातील साठवण केंद्राला एकदा प्रत्यक्ष फोन करून पाहावे. भूलतज्ज्ञाचेही तसेच. एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचे आणि तातडीच्या सिझरचे प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना जुनी आहे. प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर मात्र पुष्कळदा अशा ठिकाणी बदलून गेलेले असतात, जिथे शस्त्रक्रियागृहच नाही. असे किती जण आपल्या जिल्ह्यात आहेत आणि ते सध्या कुठे आहेत, ही यादी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून मागवता येते.

रक्तदाबाच्या आजाराबाबत फायलींमध्ये वेगळी गफलत दिसते. गरोदरपणात रक्तदाब १४०/९० च्या वर गेला, लघवीत प्रथिने आली, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली की पुढची पायरी झटक्यांची असते. झटके रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटइतके गुणकारी औषध दुसरे नाही. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत सुमारे दहा हजार बायकांमध्ये त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटवला. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅमची पहिली मात्रा देऊनच बाईला पुढे पाठवावे, अशा सूचना आहेत. प्रत्यक्षात ‘श्वास थांबेल’ या भीतीने ती दिली जात नाही आणि बाईला रुग्णवाहिकेत झटके येतात. आणि हा आजार बाळ जन्मले की संपतो, हा समज डॉक्टरांमध्येही आढळतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब पुन्हा चढतो, आणि नेमकी तेव्हा बाई घरी असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणानंतर ४८ तास दवाखान्यात राहणे अपेक्षित आहे. घरी मूल एकटे आहे, गोठ्यात जनावरे आहेत, दवाखान्यात खाट अपुरी आहे, म्हणून ती दुसऱ्याच दिवशी निघते. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात, बाळाचे वजन घेतात, तापमान घेतात. बाळंतिणीचा रक्तदाब मोजण्याचे यंत्र सहसा त्यांच्या पिशवीत नसते. हे यंत्र आणि ते वापरण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतूनही देता येण्याजोगे आहे.

जंतुसंसर्गाविषयी एकच माहिती देतो. बेळगाव आणि नागपूर ही केंद्रे ज्यात होती, त्या सात देशांतील मोठ्या अभ्यासात (२०२३) कळा देणाऱ्या बायकांना ॲझिथ्रोमायसिनची २ ग्रॅमची एकच मात्रा तोंडाने दिली असता गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची भीती खरी असल्याने सरसकट वापराबाबत मी सावध आहे. हातमोजे, स्वच्छ पाणी आणि कमीत कमी आतल्या तपासण्या यांना पर्याय म्हणून तर हे औषध मुळीच नाही.

आता आपल्या समाजरीतीतून येणारी एक अडचण, जिच्याकडे नियोजनात फार कमी लक्ष जाते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. सासरच्या आशाताईंनी तिला जोखमीची माता म्हणून नोंदवलेले असते, दोनदा रक्तदाब जास्त आलेला असतो, हिमोग्लोबिन कमी असल्याने शिरेतून लोहाचे इंजेक्शन ठरलेले असते. ही सगळी माहिती सासरच्या उपकेंद्राच्या वहीत राहते आणि मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचते. माहेरच्या आशाताईंना ती आल्याचे कळते ते बहुधा कळा सुरू झाल्यावर. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या बायकांचे याहून कठीण आहे, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चार-पाच महिने त्या पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात आणि कोणत्याच गावच्या यादीत नसतात. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असते, पण त्यावरची पाने अर्धी कोरी. ऑनलाईन नोंद असली तरी मालिश करणारी, इंजेक्शन देणारी परिचारिका रात्री दोन वाजता पोर्टल उघडून बसत नाही. स्थलांतराआधी एका फोनने सासरच्या परिचारिकेने माहेरच्या किंवा कारखाना परिसरातील परिचारिकेला कळवणे, एवढी साधी सवय काही ठिकाणी लावून पाहिली आहे आणि ती उपयोगी पडते.

रक्तक्षयाची आकडेवारी निराश करणारी आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गरोदर महिलांमध्ये तो आढळला. पालघर, नंदुरबार, गडचिरोली या पट्ट्यात त्यात सिकलसेल या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची भर पडते, आणि सिकलसेल असलेल्या बाईला नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहणे हा उपचार नव्हे. दुर्गम भागासाठी राज्यात माहेरघर योजना आहे. त्यात बाईला बाळंतपणाच्या तारखेआधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळ राहता येते. कल्पना उत्तम आहे. ती चालते तिथे सोबतच्या माणसाच्या जेवणाची आणि बुडालेल्या मजुरीची सोय केलेली असते; चालत नाही तिथे खोलीला कुलूप असते आणि अहवालात ‘लाभार्थी येण्यास अनुत्सुक’ असे लिहिलेले असते.

अन्वेषणाच्या पद्धतीबद्दल शेवटी. मृत्यूची माहिती २४ तासांत कळवणे, रुग्णालयात आणि गावात जाऊन चौकशी करणे, ही रीत २०१० पासून आहे आणि २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती अधिक पक्की केली. ब्रिटनमध्ये अशा गोपनीय चौकशा १९५२ पासून चालत आल्या आहेत. केरळात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून त्या सुरू केल्या, आणि २०१८-२० मध्ये त्या राज्याचे माता मृत्यू प्रमाण १९ होते. दोन्हीकडे एक पथ्य पाळले गेले: चौकशीतले काहीही शिक्षेसाठी वापरायचे नाही. आपल्याकडे ही बैठक म्हटली की परिचारिकेला निलंबनाची आणि डॉक्टरला गुन्हा दाखल होण्याची धास्ती वाटते, म्हणून वेळा मागाहून भरल्या जातात आणि नातेवाइकांच्या माथी खापर फुटते. त्याच भीतीपोटी थोडी गुंतागुंत दिसली की बाईला पुढे पाठवण्याची वृत्ती वाढली आहे. सदस्य म्हणून आपण आवाज चढवलात तर पुढच्या फाईलमध्ये वेळा आणखी नीटनेटक्या दिसतील, आणि खरे आणखी कमी कळेल.

म्हणून माझी सूचना अशी की पहिल्या बैठकीत मृत्यूच्या फायली मागवूच नयेत. मरणाच्या दारातून परत आलेल्या बायकांच्या नोंदी मागवाव्यात: ज्यांना चार किंवा अधिक रक्तपिशव्या लागल्या, ज्यांना झटके आले, ज्यांची गर्भाशयाची पिशवी काढावी लागली. अशा प्रसंगांच्या आढाव्यासाठीही २०१४ पासून केंद्राच्या सूचना आहेत. अशा नोंदी संख्येने मृत्यूंपेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यावर बोलताना कर्मचारी मोकळे असतात, आणि बाई स्वतः सांगू शकते की कुठल्या दारात किती वेळ थांबावे लागले. बाईचे, डॉक्टरचे आणि परिचारिकेचे नाव झाकून, फक्त वेळांचा तक्ता असलेले एक पान प्रत्येक प्रकरणासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी आठवडाभर आधी द्यावे, असा ठराव समितीला करता येईल. त्या पानावर किमान इतक्या वेळा असाव्यात: रक्तस्राव पहिल्यांदा लक्षात आल्याची, पहिले औषध दिल्याची, रुग्णवाहिका बोलावल्याची, ती निघाल्याची, आणि पुढच्या रुग्णालयात रक्त चढू लागल्याची.